टेलचा दिवा

बीड जिल्ह्यात राहून समुद्राच्या लाटांवर पीएच.डी. करायला घेतलेला माझ्याआधी कुणी नव्हता, आणि माझं जे झालं ते बघून माझ्यानंतरही कुणी होईलसं वाटत नाही. मला दर्याची ओढ वगैरे काही नव्हती. विद्यापीठात ज्या एका गाईडसरांकडे जागा शिल्लक होती ते कोकणातले होते आणि त्यांचा विषय लाटांचा होता, एवढंच. जागा उसाच्या चिपाडांवर मिळाली असती तर मी चिपाडांवर केली असती.

मी तेव्हा आमच्या साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. आमच्याकडे कॉलेज कारखान्याचं, बँक कारखान्याची, दूधसंघही कारखान्याचाच. पाऊस तेवढा सहकारात आलेला नव्हता, त्यामुळे तो कुणाचंच ऐकत नव्हता. त्यात लागोपाठची दुष्काळी वर्षं. विषय घरी सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "नळाला पाणी कधी येणार ते सांगता येतं का तुम्हाला? मग समुद्राचं काय सांगताय लोकांना." मी हंडा घेऊन नळापाशी जाऊन उभा राहिलो.

विषय तसा समजायला सोपा होता. समुद्रात तरंगणारं एखादं यंत्र लाटेबरोबर वर-खाली होतं आणि त्या हालचालीतून वीज काढता येते. उघड्या समुद्रात ते मोडतं, वाहून जातं. म्हणून ते बंदराच्या धक्क्यापाशी, लाटा अडवायला बांधलेल्या भिंतीपाशी ठेवायचं. प्रश्न असा की भिंतीपासून किती अंतरावर, कशा रांगेत ठेवलं म्हणजे जास्त वीज मिळेल. लाट भिंतीवर येते आणि परत फिरते. भिंत उभी आणि सपाट असेल तर येणारी आणि परतणारी अशा दोन्ही लाटा भिंतीलगत एकमेकींवर चढतात आणि तिथं पाणी जवळजवळ दुप्पट उचलतं. भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर मात्र एक लाट वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. तिथं पाणी नुसतं मागं-पुढं डोलतं, उंची घेतच नाही. ते मृत ठिकाण. थोडक्यात, भिंतीला चिकटून बसा आणि त्या मृत ठिकाणी जाऊ नका. एवढं सिद्ध करायला मी संगणकापुढं बसून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला होता.

आकडे बघून गाईडसर म्हणाले, "कागदावर ठीक आहे. आता खऱ्या पाण्यात दाखवा. पाच यंत्रांची रांग चालताना मी डोळ्यांनी बघेन, मगच सही करेन. तुमच्या नोंदणीची मुदत संपत आली आहे. ती उगाच वाढवून मी मागणार नाही."

खरं पाणी. ज्यांच्या अंगणापर्यंत खाडी येते ते हा शब्द किती सहज उच्चारतात.

माजलगावच्या धरणाचा विचार मी करून पाहिला. पण धरणाची पाण्याकडची बाजू उतरती आणि दगड रचलेली. तिच्यावर लाट चढते आणि विरून जाते, परत फिरत नाही. शिवाय त्या साली पाणीच भिंतीपासून इतकं लांब गेलं होतं की भिंत आणि पाणी यांची एकमेकांशी ओळख उरली नव्हती.

मग मला कारखान्याचा हौद आठवला. कारखाना चालू असताना आतलं गरम पाणी हवेत फवारून थंड करतात, त्याचा लांबलचक, उभ्या सिमेंटच्या भिंतींचा हौद. सगळे त्याला स्प्रेपाँड म्हणत. उसाला पाणी नव्हतं म्हणून गाळप लवकर आटोपलं होतं, फवारे बंद होते आणि हौदात कमरेइतकं पाणी उरलं होतं. मळीचा आंबूस वास यायचा, पण लाटेला वासाशी देणंघेणं नसतं. दुष्काळाबद्दल मला आयुष्यात एकदाच कृतज्ञता वाटली ती त्या दिवशी. ती किती दिवस टिकली ते पुढं येईलच.

मी चेअरमनसाहेबांकडं गेलो. ते छावणीच्या कामात होते. कारखान्याच्या पटांगणात जनावरांची छावणी उघडली होती आणि चारा कमी की पाणी कमी यावर रोज भांडणं चालत. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "त्या पाण्यावर छावणीवाल्यांचा डोळा हाय. सर्वसाधारण सभा झाली की ते तिकडंच जाणार. तवर वापरा."

"सभेआधी एक-दोनदा चालवून बघतो साहेब."

"बघायचं न्हाई. तुमची लाटा करायची मोटर पाणी उडवणार, ते कडेनं सांडणार, आन् छावणीतली माणसं ते बघत उभी ऱ्हाणार. सभेच्या दिवशीच चालवा. सभासद बी बघतील कॉलेजात काय चालतंय ते. तुमच्या पाव्हण्याला बी त्याच दिवशी बोलवा."

रंगीत तालीम नाही, आणि प्रयोग भर सभेत. मी हो म्हणालो. माझ्या पाठीला कणा आहे हे मला एक्स-रे काढल्यावरच पटतं.

माझ्या मदतीला कारखान्याचे एक जुने फिटर दिले गेले. सगळे त्यांना मामा म्हणत. हंगाम संपल्यामुळे ते अर्ध्या पगारावर घरी होते आणि म्हणून कामही अर्धंच करायचं अशा मताचे होते. आम्ही भंगारातल्या पाच सायकली निवडल्या आणि हौदावर टाकलेल्या फळ्यांवर उलट्या बांधल्या. प्रत्येक सायकलच्या चेनला तेलाचा प्लास्टिकचा डबा लोंबता सोडला, त्यात थोडी वाळू भरून. लाटेनं डबा उचलला जायचा, खाली येताना चेन ओढायचा, मागचं चाक फिरायचं, चाकाला टेकलेला डायनामो फिरायचा आणि दिवा लागायचा. दुसऱ्या टोकाला मोटरीवर एक रिकामा बॅरल टांगला, पाणी ढकलायला.

"सर," मामा म्हणाले, "ह्यो बॅरल पाणी हलवणार, पाणी डबा हलवणार, डबा चाक हलवणार, मग दिवा. मोटर तर विजेवरच चालतीया. मोटरीची वायर डायरेक्ट दिव्याला लावली तर काय बिघडतं बे?"

बे हा शब्द माझ्या लक्षात आला, त्यांच्या आला नाही. मी म्हणालो, समुद्रात मोटर नसते मामा. ते म्हणाले, "इथं समुद्र बी न्हाई."

पाचही डबे भिंतीला लावायचं ठरलं होतं, तसे खिळे ठोकूनही झाले होते. तेवढ्यात चेअरमनसाहेबांना कल्पना सुचली की प्रत्येक डब्यावर एका संचालकाच्या भागाचं नाव लिहावं, म्हणजे सभासदांना आपलेपणा वाटेल. चार डबे त्यांच्या पॅनेलच्या चार संचालकांना. पाचवा विरोधी पॅनेलमधून निवडून आलेल्या एकुलत्या एक संचालकाला. तो काय माणूस नव्हे असं दिसू नये म्हणून.

नावं लिहिल्याबरोबर व्हाइस चेअरमन हौदावर हजर झाले. एका डब्यावर त्यांच्या भागाचं नाव होतं.

"सर, लाट कुठून येती?"

"तिकडून, बॅरलकडून."

"म्हंजे हेड तिकडं. भिंत म्हंजे टेल."

आमच्याकडं कालव्याच्या चारीवर ज्याची शेती तोंडाशी तो हेडचा, शेवटी तो टेलचा. हेडचा माणूस ऊस लावतो. टेलचा ऊस तोडायला जातो.

"टेल नाही म्हणता येणार," मी म्हणालो. "लाट भिंतीवरून परत फिरते. म्हणून तिथंच जास्त मिळतं."

"टेलला जास्त मिळतं?" त्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी आभाळाकडं बघितलं. "सर, आमी जन्म काढला चारीवर. टेलवरनं परत फिरल्यालं पाणी अजून बघितलं न्हाई. टेलला पोचतच न्हाई तर फिरंल कुठून?"

"हे पाण्याचं नाही, लाटेचं आहे."

"लाट काय दुधाची असती का? आमचे डबे हेडला घ्या. सभासदाला बघू द्या, चेअरमनच्या माणसाला टेलला टाकलंय. मग इलेक्शन तुमी लढवा."

आता इथं मी ताठ उभं राहायला हवं होतं. पण गंमत अशी, की मी स्वतः टेलच्या गावचा. माझे वडील पाण्याची पाळी आली की फावडं घेऊन चारीवर जाऊन बसायचे आणि कोरडं फावडं घेऊन परत यायचे. पाटकरी सांगायचा, सोडलंय, येईलच. ते सोडलेलं पाणी वरच्यावर कुठं जिरायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला दहा समीकरणांनी सांगितलं की शेवटी बसलेल्याला दुप्पट मिळतं, तर डोकं हो म्हणतं आणि पोट नाही म्हणतं. त्या रात्री मी आकडे पुन्हा काढले. बरोबर आले. तरी मनात आलं, कुठं अधिक-उण्याची चूक असली तर? भर सभेत टेलचे पाचही दिवे विझलेले निघाले तर? माझा माझ्या शोधावर विश्वास नव्हता, तो व्हाइस चेअरमनवर जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थी झाली. चौघांनाही हेड पाहिजे होतं, पण अगदी बॅरलपाशी डबे आपटले असते. मग कुणी पुढं, कुणी मागं यावर वाद. शेवटी ठरलं, चारही डबे एका रांगेत, भिंतीपासून सारख्या अंतरावर, मधोमध. मामांनी दोरी ताणली, चौघांनी ती एकेक करून डोळा मिटून तपासली आणि सगळ्यांचं समाधान झालं. सहकारात एकमत झालं की सगळे मिळून एकाच खड्ड्यात उतरतात. ते अंतर लाटेच्या लांबीशी ताडून बघणं हे माझं काम होतं. मी ते केलं नाही. भांडण मिटल्याच्या आनंदात मी चहा सांगितला.

"आन् पाचवा?" मामांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की भिंतीला," व्हाइस चेअरमन म्हणाले. "टेलला ऱ्हायची सवय हाय त्यांना."

विरोधी संचालक तिथंच होते. ते म्हणाले, "ठेवा. मंगल कार्यालयात बी आमचं पान दाराशीच असतंय."

सभेच्या दिवशी हौदाशेजारी मांडव पडला. गाईडसर रात्रभर एसटीनं प्रवास करून आले होते आणि उन्हानं लालेलाल झाले होते. चेअरमनसाहेबांनी भाषणात दुष्काळ, छावणी आणि मधेच समुद्र असा प्रवास केला, आणि मग मोटर सुरू झाली. बॅरल डुलायला लागला. पहिली लाट गेली, भिंतीवर आदळली, परत आली. थोड्या वेळात सगळा हौद हलायला लागला.

चेअरमनच्या माणसांचे चारही डबे माना डोलवत उभे राहिले. कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे पुढं-मागं, पुढं-मागं. वर नाही, खाली नाही. एकही चाक फिरेना. आणि भिंतीला टेलचा डबा असा उड्या मारायला लागला की उलटी सायकल फळीसकट थरथरली. चाक गरगर फिरलं आणि भर दुपारी लांबून दिसावा असा दिवा लागला.

विरोधी संचालक खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "आमच्याकडं उजेड हाय. सत्ताधाऱ्यांकडं काय लोडशेडिंग हाय का?"

मांडव हसला. मागच्या बाजूला टाळ्या पडल्या. चेअरमनसाहेब माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "सर, तुमी कोणाच्या पॅनेलचे हाव?"

गाईडसरांनी मला हौदाच्या कडेला बोलावलं. "हे चार इथं का ठेवलेत? हेच मृत ठिकाण आहे. तुमच्याच आकड्यांत आहे."

"सर, ते सर्वानुमते ठरलं."

"लाटेला मतदान करता येत नाही हो." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "भिंतीजवळचं छान चाललंय. पण मला एक नको, रांग हवी. चारही भिंतीला लावा. पाचही पेटलेले बघितले की मी इथंच सही करतो. मी कुठं जात नाही."

ते कुठं जाणार नव्हते, पण त्यांना नेणारे होते. सभा आटोपली आणि लोक त्यांना जेवायला घेऊन गेले. मी आणि मामा पँटी वर करून हौदात उतरलो, पण वर केलेल्या पँटीपेक्षा पाणी वर होतं. फळी सोडायची, सायकलीसकट उचलायची, भिंतीपाशी न्यायची, बांधायची, चेन पुन्हा चढवायची. मळीच्या पाण्यात पाय सरकत होते. मामा दर फळीमागं एकदा म्हणत होते, "आधीच सांगितलं असतं तर." कुणी सांगायला हवं होतं ते त्यांनी उच्चारलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

शेवटची फळी बसली. मोटर सुरू केली. पाणी स्थिर लयीत यायला जरा वेळ गेला आणि मग एकामागून एक पाचही डबे उचलले गेले. पाचही चाकं. पाचही दिवे. मी आयुष्यात काहीतरी बरोबर काढलं होतं आणि ते माझ्यासमोर उजेड पाडून उभं होतं. बघायला मामा आणि छावणीच्या कुंपणातून मान काढलेली एक म्हैस.

मी तसाच ओला जेवणाच्या मांडवात पळालो. गाईडसर पंगतीच्या मधोमध, डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, ताटात बुंदीचा डोंगर. समोर चेअरमनसाहेब स्वतः वाढायला.

"सर, पाचही लागलेत. चला लगेच."

गाईडसर अर्धे उठले. त्यांच्याबरोबर अख्खी पंगत अर्धी उठली, कारण पाहुणा उठला की पंगत उठते. चेअरमनसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा सायेब. अन्नावरनं उठवत्यात का पाव्हण्याला? आमच्या गावाला बोल लागंल." आणि माझ्याकडं वळून, "सर, तुमी बी बसा. लाट कुठं पळून चालली?"

गाईडसर बसले. पंगतही बसली. मी नळ शोधून पाय धुतले आणि पुन्हा जाऊन त्यांच्या मागं उभा राहिलो. बुंदी संपत नव्हती. ते एक घास कमी करायचे आणि चेअरमनसाहेब एक मूठ वाढवायचे. कोकणातला माणूस, 'नको' असं साधं म्हणत होता. आमच्याकडं नको म्हणायचं तर ताटावर आडवं पडावं लागतं. मग ताक. मग पुन्हा भात. मग पंगत एकदम उठायची म्हणून शेवटच्या माणसाची वाट. मग विडा.

आम्ही हौदाशी आलो तेव्हा कडेला डिझेल इंजिनं धडधडत होती आणि टँकरांची रांग लागली होती. पाणी फार उतरलं नव्हतं, हातभरच. पण लोखंडी दांड्यावर पक्का टांगलेला बॅरल तेवढ्यानं पाण्याच्या वर आला होता आणि वाऱ्याला ढकलत होता. डबे चेनला निपचित लोंबत होते.

"म्या म्हणलं थांबा," मामा म्हणाले. "टँकरवाला म्हणला, चेअरमनसायबाचा हुकूम हाय, सभा झाली की उचला. म्या म्हणलं सर येऊस्तोर. तो म्हणला, जनावरं सरांची वाट बघत न्हाईत."

चेअरमनसाहेब बडीशेप चघळत बाजूला उभे होते. मी त्यांना म्हणालो, इंजिनं बंद करून रांगेतले भरलेले टँकर परत ओतू, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कुंपणाकडं बघितलं. तिथं बादल्या घेऊन माणसं उभी होती. मला पुन्हा विचारता आलं नाही. राग मात्र तसाच राहिला, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेच कळेना.

"पाचही पेटले होते सर," मी गाईडसरांना सांगितलं. "मामांना विचारा."

"पेटले व्हते," मामा म्हणाले. "लई भारी."

गाईडसरांनी फेटा काढून हातात धरला होता. "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण मी बघितलं असं कसं लिहू? मी तर ताक पीत होतो." ते खरोखर दुःखी दिसत होते. जाताना म्हणाले, "एक दिवा बघितलाय, त्याच्या जोरावर थोडी मुदत मागून बघतो. पुन्हा हौद भरला की कळवा."

मुदत मिळाली. आणि त्या वर्षी पाऊस असा पडला की चारीच्या टेललासुद्धा चिखल झाला. उसाला पाणी, कारखान्याला ऊस. हौद काठोकाठ भरला. आणि त्यावर फवारे सुरू झाले. माझी नवी मुदत भर हंगामात संपत होती. मी चेअरमनसाहेबांकडं गेलो.

"आता पाणी मागाल तेवढं," ते म्हणाले. "पण हौद न्हाई."

"एक तास फवारे बंद ठेवले तर—"

"फवारे बंद म्हंजे कारखाना बंद. गव्हाणीपासून फाट्यापर्यंत उसाच्या गाड्या लागल्यात. त्यांना सांगू का, सरांचे दिवे लागूस्तोर थांबा?"

दुष्काळात हौद मोकळा होता तर पाणी नव्हतं, पाणी आलं तर हौद मोकळा नव्हता. मी हौदाकाठी जाऊन गाईडसरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग विषय बदलावा लागेल," ते म्हणाले. "तिथं तुमच्याकडे कायम असं काय आहे?"

मी समोर बघितलं. फवाऱ्यांतून उडणारं निम्मं पाणी खाली येत होतं आणि बाकीचं आभाळाकडं चाललं होतं.

"वाफ आहे सर."

"चालेल," ते म्हणाले.

नवी नोंदणी झाली, नवी फी, आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून. लाटांचे आकडे कपाटात आहेत आणि ते अजून बरोबर आहेत. चुकले असते तर इतका राग आला नसता.